आमच्या लयीतला मारिओ

कवीने व्हिडिओ गेमवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण बी.ए., विषय मराठी. पेन सोडून दुसरे यंत्र मी आयुष्यात फारसे हाताळलेले नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मिरजेच्या आमच्या घराचा माळा आवरायला काढला आणि एका खोक्यात माझ्या धाकट्या भावाचा जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि पिवळ्या रंगाच्या सहा-सात कॅसेटी.

धाकटा आता नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. टीव्ही दुरुस्तीचे छोटे दुकान तो चालवत असे. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, वीस वर्षांचा आहे आणि पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. खोके बघून तो म्हणाला, "बडे अब्बा, हे सगळे गेम आता मोबाइलवर मिळतात. भंगारात देऊन टाकू या." त्याने लगेच मोबाइल काढून मारिओ सुरूही करून दाखवला. तोच टोपीवाला मिशाळ माणूस, त्याच विटा, तेच गाणे. तरी मला काहीतरी खटकले. सूर तेच होते, पण गाणे घाईत असल्यासारखे वाटले. मी म्हणालो, "तुझ्या अब्बाचा मारिओ इतका पळत नव्हता." तो हसला. म्हातारपणी सगळेच जग वेगात चालल्यासारखे वाटते, असे त्याला वाटले असावे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

पण खोके मी भंगारात जाऊ दिले नाही. 'दोन दिवस राहू दे' म्हणालो आणि त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून ते यंत्र चालू केले. जुने व्हिडिओ गेम आजच्या काळात कसे खेळावेत, का खेळावेत आणि ते खेळताना नेमके काय जपायचे असते, हे मला त्यातून कळले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी हे यंत्र मुळात कुठले, ते पाहू. जपानमधल्या क्योटो शहरात १८८९ साली निन्टेन्डो नावाची कंपनी सुरू झाली. ती पत्ते बनवत असे. फुलांची चित्रे असलेले हानाफुदा नावाचे जपानी पत्ते. पत्त्यांपासून खेळण्यांकडे आणि खेळण्यांपासून इलेक्ट्रॉनिक खेळांकडे ती हळूहळू वळली. १५ जुलै १९८३ रोजी तिने 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र बाजारात आणले. किंमत १४,८०० येन. जपानी लोक त्याला लाडाने 'फॅमिकॉम' म्हणू लागले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, ते वेगळ्या पेटीत आणि वेगळ्या नावाने अमेरिकेत गेले. ही दोन्ही रूपे मिळून जगभरात ६ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

आपल्याकडे मात्र मूळ फॅमिकॉम क्वचितच कोणी पाहिले असेल. आपण पाहिली ती त्याची भावंडे. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या आतल्या चिपांची नक्कल केली आणि तशी यंत्रे देशोदेशी वेगवेगळ्या नावांनी विकली गेली. रशियात 'डेंडी' या नावाने १९९२ पासून ती घराघरांत पोहोचली. आपल्याकडे 'समुराई', 'मीडिया' अशी नावे त्या काळच्या मुलांना आठवत असतील. यंत्राला आपण 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि आत घालायच्या वडीला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९ इन १' असे लिहिलेले असायचे. प्रत्यक्षात मूठभर खेळ पुन:पुन्हा नवी नावे घेऊन यायचे, ही गोष्ट वेगळी!

आमच्याकडे हे यंत्र १९९३च्या ईदला आले. धाकटा तेव्हा चौदा वर्षांचा होता. तीन वर्षांची ईदी त्याने साठवली होती आणि कमी पडले ते मी घातले. एवढ्या पैशांत शिलाई मशीन आली असती, असे अम्मी म्हणाली होती. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. त्यामुळे मारिओची टोपी लाल असते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मी तेव्हा नोकरीला लागलेला, कविता छापून येऊ लागलेल्या, स्वतःला फार गंभीर समजणारा तरुण होतो. हा वेळ वाया घालवण्याचा धंदा आहे, असे त्याला अनेकदा सुनावले. तरी रात्री जेवणानंतर तो हाक मारायचा, "भाईजान, एक डाव." मी दुसरा रिमोट घ्यायचो. त्या दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट'चे बटण नव्हते. मूळ फॅमिकॉमचीच ती रीत, नक्कल करणाऱ्यांनी तीही उचलली. त्यामुळे खेळ सुरू करायचा की थांबवायचा, हे नेहमी धाकटाच ठरवायचा. घरात तेवढ्या एकाच बाबतीत त्याचे माझ्यावर चालत असे.

आता त्या यंत्राची ताकद किती होती, ते ऐका. काम करताना वापरायची स्मृती, म्हणजे रॅम, २ केबी. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा पूर्ण खेळ, त्यातली बत्तीस टप्प्यांची सफर, चित्रे, संगीत, सगळे मिळून ४० केबी. तुमच्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. त्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास-साठ मारिओ मावतील.

एवढ्याशा जागेत खेळ बसवायचा म्हणजे काटकसर आलीच. मारिओमधले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे नीट पाहा. आकार तोच आहे, फक्त रंग बदलला आहे. मारिओचे रूपही असेच घडले. १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी तो पहिल्यांदा काढला, तेव्हा हाताशी मोजकेच ठिपके होते. केस काढणे अवघड, म्हणून टोपी घातली. तोंड काढायला जागा नाही, म्हणून नाकाखाली मिशी दिली. हात हलताना दिसावेत म्हणून शर्टाच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा, खांद्यावर पट्टे असलेला कामगारांचा पोशाख चढवला. जगातली इतकी प्रसिद्ध मिशी केवळ अडचणीतून उगवलेली आहे!

वृत्तात लिहिणाऱ्याला ही गोष्ट लगेच पटेल. मात्रा कमी पडतात म्हणून आपण एक शब्द टाकून दुसरा शोधतो आणि पुष्कळदा तो दुसराच शब्द कवितेचा प्राण ठरतो. आमच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या घ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, त्याहून जास्त जागाच नाही. तेवढ्यात राग उभा करायचा. बंधन हे नेहमीच शत्रू नसते.

मारिओची सुरुवात तर मला गझलेच्या मतल्यासारखी वाटते. मतला काय करतो? पहिल्या दोन ओळींत यमक कोणते, रदीफ कोणती, चाल कोणती, हे न सांगता सांगतो. मारिओचा पहिला पडदा तेच करतो. सूचना कुठेही लिहिलेली नाही. मारिओ डावीकडे उभा आहे आणि उजवीकडे मोकळी जागा आहे, म्हणजे उजवीकडे चालायचे. थोडे पुढे प्रश्नचिन्हाची चौकट लुकलुकते आणि समोरून भुवया उंचावलेला एक बुटका शत्रू येतो. त्याला धडकलात तर मेलात, उडी मारलीत तर वाचलात. उडी मारताना डोके चौकटीला लागले तर नाणे मिळते. पुढच्या एका चौकटीतून अळंबी बाहेर पडते आणि पाइपला आपटून तुमच्याचकडे परत येते, म्हणजे घाबरून पळालात तरी ती बहुधा तुम्हाला मिळतेच. ती वाईट नसून चांगली आहे, हे असे अनुभवाने कळते. अर्ध्या मिनिटात सगळे व्याकरण शिकून होते. शिकवणारा मात्र कुठे दिसत नाही.

संगीताचेही तसेच. फॅमिकॉमच्या ध्वनिचिपमध्ये एकूण पाच वाहिन्या. सूर वाजवायला त्यातल्या तीनच आणि टाळ-ढोलासारख्या आघातासाठी एक खरखराटाची. पाचवीवर ध्वनिमुद्रित केलेले छोटे तुकडे वाजत. एवढ्यावर कोजी कोंडो यांनी मारिओची धून रचली. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्राने जपावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिचा समावेश केला. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

आता त्या घाईत वाटलेल्या गाण्याकडे येतो. आम्ही यंत्र उघडले. आत फारसे काही नव्हते. मुख्य चिप काळ्या डांबराच्या थेंबाखाली झाकलेली. ती गेली असती तर उपाय नव्हता. पण सुदैवाने बिघाड दुसरीकडेच होता. पाच व्होल्ट देणारा ७८०५ नावाचा रेग्युलेटर मेला होता, दोन कपॅसिटर फुगले होते आणि रिमोटची एक तार तुटली होती. बापाच्याच सोल्डरिंग गनने पोराने ते बदलले. मग दुकानातून घरी आणून ठेवलेला, धाकट्यानेच कधीकाळी दुरुस्त केलेला चौदा इंची पिक्चर ट्यूबचा रंगीत टीव्ही खाली काढला. वायर जोडली, चॅनेल जुळवले आणि कॅसेट घातली.

गाणे वाजले आणि मी पुतण्याकडे बघितले. तोही माझ्याकडे बघत होता. गाणे संथ होते. आमच्या आठवणीतले होते.

पोरगा शिकलेला, त्याने लगेच मोजायला घेतले. मारिओमध्ये वर कोपऱ्यात वेळेचे आकडे उलटे पळतात. मोबाइलवर शंभर आकडे कमी व्हायला ४० सेकंद लागले. आमच्या यंत्रावर ४८ सेकंद. म्हणजे माझे कान म्हातारे झाले नव्हते!

यामागचे कारण असे आहे. जपान आणि अमेरिकेतले जुने टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवत. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, आणि आपल्या टीव्हीचे मानकही ५० वेळांचे. त्या काळच्या खेळांत वेळ मोजायला वेगळे घड्याळ नसे. पडदा एकदा रंगला की एक पाऊल, असा हिशेब. मारिओतल्या वेळेचा एक आकडा म्हणजे चोवीस पडदे. सेकंदाला ६० पडदे असतील तर शंभर आकड्यांना ४० सेकंद आणि ५० असतील तर ४८. आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर सगळा खेळ असा सहाला पाच या प्रमाणात हळू चालायचा. मारिओची धाव, शत्रूची चाल, गाण्याची लय, सगळे काही.

यातली आणखी एक गंमत संगीताच्या जाणकारांना आवडेल. जुनी तबकडी हळू फिरवली तर लय उतरते आणि सूरही खाली येतो. इथे तसे होत नाही. सूर ठरतो मुख्य चिपच्या वेगावर आणि तो वेग या नकली यंत्रांत मूळ यंत्राच्या जवळपास ठेवलेला होता. लय ठरते पडद्यावर. म्हणून सूर जवळजवळ तोच राहिला आणि लय तेवढी विलंबित झाली. क्योटोत द्रुत लयीत बांधलेली चीज मिरजेत येऊन थोडी सावकाश झाली. मिरजेला ते शोभलेही!

सांगायचा मुद्दा हा, की नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या हजारो मुलांनी जो मारिओ खेळला, तो जगप्रसिद्ध मारिओ नव्हता. त्याची थोडी संथ, थोडी माफक, कदाचित थोडी सोपी आवृत्ती होती. ती कंपनीच्या इतिहासात नाही. कंपनीने २०१६ साली तीस खेळांचे छोटे स्मरणयंत्र काढले, ते हातोहात खपले. त्यात मूळ मारिओ आहे, आमचा नाही. आमचा मारिओ आहे तो माळ्यावरच्या खोक्यांत आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

हे कळल्यावर पुतण्या भंगाराचे नाव काढेना. उलट विचारू लागला, "अब्बा कुठल्या टप्प्यापर्यंत जायचे?" मला सांगता येईना. त्या यंत्रात गुण साठत नसत. बटण बंद केले की सगळा पराक्रम पुसला जायचा. काही मूळ कॅसेटींमध्ये, उदाहरणार्थ १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा'मध्ये, खेळ साठवायला छोटी बॅटरी असे. त्या बॅटऱ्याही आता मरत आल्या आहेत आणि बॅटरीबरोबर साठवलेला खेळही जातो. आमच्या कॅसेटींत तर तीही सोय नव्हती. धाकट्याचा विक्रम फक्त पाहणाऱ्याच्या आठवणीत आणि पाहणारा मी, तो कविता वाचत बसलेला. याची रुखरुख मला आहे, ती इथे कबूल करतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्याही माळ्यावर असे यंत्र असेल तर ते थेट विजेला लावू नका. आधी अडॅप्टर तपासा. पिनच्या आत धन टोक आहे की ऋण, किती व्होल्टचा आहे, हे माहीतगार माणसाकडून पाहून घ्या. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरला आतले टोक ऋण असते. नकली यंत्रांत एकवाक्यता नाही. चुकीचा अडॅप्टर लावला तर तीस वर्षे टिकलेले यंत्र क्षणात जाईल.

दुसरे, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी ती मारलेली आहे. अम्मी दुआ पुटपुटून आमच्या कपाळावर फुंकर घालायची, तितक्याच श्रद्धेने धाकटा कॅसेटवर घालायचा. आणि खेळ चालूही व्हायचा! पण तो चालू व्हायचा कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. तेवढ्याने तांब्याच्या पट्ट्या घासल्या जातात आणि संपर्क नीट बसतो. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या गंजतात. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असेच सांगितले होते. कानाच्या कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पट्ट्या हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. काडी काळी झालेली पाहून तुम्हाला स्वतःच्या फुंकरींची लाज वाटेल.

तिसरे, जुना टीव्ही. शक्य असेल तर पिक्चर ट्यूबचाच वापरा. नव्या सपाट टीव्हीला हे जुने चित्र आधी समजून घ्यावे लागते, मग मोठे करावे लागते. त्यात क्षणाचा उशीर होतो आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर तुमची उडी पोहोचते. सपाट टीव्हीच वापरायचा तर त्याचा 'गेम मोड' चालू करा, उशीर थोडा कमी होतो. बंदुकीचा खेळ मात्र सपाट टीव्हीवर चालतच नाही. कारण बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. बंदूक फक्त पाहते. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तर बदक पडले. हे सगळे ट्यूबच्या पडद्याच्या वेगावर बेतलेले आहे. सपाट पडद्याचा उजेड उशिरा आणि वेगळ्या रीतीने येतो. मात्र एक ताकीद देतो. ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. ते काम जुन्या मेकॅनिकचे. असे मेकॅनिक आता थोडे उरले आहेत, म्हणून त्यांना आताच गाठा.

यंत्रच नसेल तर? संगणकावर किंवा मोबाइलवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे इम्युलेटर मिळतात. त्यांतल्या काहींत 'डेंडी' नावाचा पर्याय असतो. तो निवडलात तर तुम्हाला आपल्या बालपणीची लय ऐकू येईल. पुतण्याने तो शोधून काढला तेव्हा त्याला बक्षीस द्यावेसे वाटले. खेळांच्या प्रतींचा प्रश्न मात्र नाजूक आहे. हे खेळ अजून कॉपीराइटखाली आहेत. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटी विनापरवाना नकला होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्या संग्रहाची कुणी झेरॉक्स काढली तर मला राग येतो, त्यामुळे मला इथे साळसूदपणे बोलता येणार नाही. निन्टेन्डो आपले निवडक जुने खेळ वर्गणी घेऊन नव्या यंत्रावर खेळू देते. शिवाय या जुन्या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आहेत. २०१९ साली आलेला 'मायक्रो मेजेस' हा खेळ मुद्दाम मारिओइतक्याच, म्हणजे ४० केबीत बसवलेला आहे. आजही कुणी वृत्तात लिहावे, तसेच हे.

पण कंपन्यांवर सगळे सोपवून चालत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत, असे आढळले. ग्रंथालयांनी असे खेळ वाचकांना दुरून खेळू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. जिथे संग्रहालये आहेत, अभ्यासक आहेत, तिथे ही स्थिती. मग आपल्या नकली यंत्रांची आणि त्यांच्या संथ लयीची नोंद कोण ठेवणार?

आणि हे सगळे करायचे ते निव्वळ जुन्या आठवणींसाठी, असे समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका १३ वर्षांच्या मुलाने या यंत्रावरचा १९८९ सालचा 'टेट्रिस' इतका पुढे नेला, की १५७व्या पातळीवर खेळच गोठून थांबला. त्याआधी कुणाही माणसाने त्याला तिथपर्यंत नेले नव्हते. तो खेळ आला तेव्हा हा मुलगा जन्मालाही आला नव्हता. त्याच्यासाठी टेट्रिस ही आठवण नव्हती. ते एक चांगले वाद्य होते, ज्यातून अजून कुणी न काढलेला स्वर निघायचा बाकी होता.

वाद्य म्हणालो ते उगाच नाही. आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण सतारमेकरांच्या दुकानात बसलात तर एक गोष्ट कळते. जुना तंबोरा काचेच्या कपाटात ठेवून टिकत नाही. घोडी घासून जवारी पुन:पुन्हा काढावी लागते, तारा बदलाव्या लागतात आणि मुख्य म्हणजे तो वाजवावा लागतो. व्हिडिओ गेमचेही तसेच आहे. कपॅसिटर बदला, पट्ट्या पुसा आणि खेळा.

आमच्याकडे आता शुक्रवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास खेळ होतो. अर्ध्या तासाच्या वर नाही, माझे अंगठे दुखतात. 'काँट्रा'मध्ये तीस जीव मिळवून देणारी ती गुप्त किल्ली, वर वर खाली खाली, डावा उजवा डावा उजवा, मग बी आणि ए, मला अजून तोंडपाठ आहे. त्या पहिल्या आठ दाबण्या केरव्याच्या आठ मात्रांत चपखल बसतात. हे मी कधी कुठे वाचले नव्हते. धाकट्याने शिकवले होते. मी ती पुतण्याला शिकवली. बापाची एवढी एक गोष्ट त्याला माझ्याकडून मिळाली. पहिला रिमोट आता त्याच्याकडे असतो. मी अजून दुसऱ्यावरच आहे.

तेव्हा मित्रहो, या सुट्टीत माळा आवरायला काढलात आणि असे खोके सापडले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा अडॅप्टर तपासा, पट्ट्या पुसा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून एक डाव खेळा. गाणे थोडे संथ वाटले तर यंत्र बिघडले आहे असे समजू नका. ती आपलीच लय आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)